सगळा आनंदीआनंद

कटरबाईंची वाचा ज्या सकाळी गेली, त्या सकाळी त्यांच्या दुकानात प्रथम हशा पिकला होता. पुढे कित्येक दिवस 'रेडिओ'ला ह्याची रुखरुख लागून राहिली. पण खरे पाहता त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता.

'रेडिओ' हे अर्थातच तिचे जन्मनाव नव्हे. ती बाईंच्या दुकानात शिलाईमशीनवर बसे. सकाळी कुलूप निघाल्यापासून संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे, आणि तरीही तिचा टाका कधी वाकडा जात नसे. म्हणून बाईंनीच तिला हे नाव बहाल केले होते. बाई स्वतः मितभाषी. दुकान त्यांचे. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर एक लांबट खोली, खिडकीशी दोन मशीन, भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे आणि मधोमध कापड बेतण्याचे भले थोरले टेबल. येथे इस्पितळांचे पांढरे कोट शिवले जात. टेबल इतके मोठे होते की सुताराने ते खोलीतच बसून जोडले होते. दारातून ते आत आलेले नव्हते आणि अखंड बाहेर जाणे शक्यही नव्हते. त्या टेबलावर कात्री चालवायची ती बाईंनीच. शिवण कोणीही घालावी, पण कापडाला कात्री लावण्याचे काम त्यांनी आजवर दुसऱ्या कोणाकडे सोपविले नव्हते. त्यावरून सारी गल्ली त्यांना 'कटरबाई' म्हणे.

त्या सकाळी रेडिओने एका कोटाची बाही उलटी जोडली होती. बाईंनी कोट उचलला, चष्म्यावरून पाहिला आणि 'उसव ती' असे म्हणण्यासाठी तोंड उघडले. बाहेर पडले ते, "आनंदीआनंद."

रेडिओ खुदकन हसली, कारण त्यात नवल असे काहीच नव्हते. आनंदीआनंद म्हणजे जिकडेतिकडे भरून राहिलेला, काठावरून सांडणारा आनंद. परंतु बाईंच्या दुकानात हा शब्द ह्या अर्थाने कोणी कधी ऐकला नव्हता. कॉलर एका अंगाला कलली, की 'आनंदीआनंद आहे!' वीज जाऊन इस्त्री थंड पडली, की 'झाला आनंदीआनंद!' सकाळी माप देऊन संध्याकाळी कोट मागणारे गिऱ्हाईक पाठमोरे झाले, की 'सगळा आनंदीआनंद!' हा शब्द घरोघरी असा तिरका वापरला जातोच. बाईंनी त्याला सरळ वापर म्हणून शिल्लकच ठेवला नव्हता. खरोखरीच्या आनंदासाठी त्यांच्यापाशी वेगळे शब्द होते. लेक जन्मली तेव्हा त्या 'बरं झालं' म्हणाल्या होत्या. दुकानाची जागा मिळाली तेव्हाही तेवढेच. आणि लेक औषधशास्त्राच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली तेव्हा, जरा विचार करून, 'बरं झालं हो.'

"काय बाई, सकाळी सकाळीच आनंदीआनंद?" रेडिओ म्हणाली. "उसवते, उसवते. आमच्याकडे पाहुणे आलेत ना, डोकं नुसतं पिकवलंय त्यांनी. नणंद म्हणते—"

"आनंदीआनंद," बाई म्हणाल्या.

"कळलं की हो! किती वेळा तेच!"

बाईंना 'मला खाली बसव' असे म्हणायचे होते. स्वतःच्याच तोंडचा शब्द त्यांनी असा ऐकला, जणू खोलीत तिसरेच कोणी बोलले असावे. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच. मग त्यांच्या उजव्या हातातून कात्री सुटली आणि लाकडी जमिनीत टोकावर उभी राहिली. त्या दुकानात कात्री आजवर कधी खाली पडली नव्हती. रेडिओचे हसू तेथल्या तेथे गोठले.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी सारे समजावून सांगितले. मेंदूतला रक्तप्रवाह काही काळ अडला होता; जिवावरचे टळले होते. उजवा हात हळूहळू थोडाफार परतेल. वाचेचे मात्र सांगता येत नाही.

"त्यांना आपलं बोलणं सगळं कळतं," त्या म्हणाल्या. "मनात वाक्यं तयार असतात. बाहेर यायचा रस्ता बंद आहे. आणि एक, त्यांच्या हो-नाहीवर फार विसंबू नका. मान पुष्कळदा उलटीच हलते."

"आणि लिहून?" बाईंच्या यजमानांनी विचारले.

लिहूनही पाहण्यात आले. उजव्या हातात पेन राहिना, आणि डाव्या हाताने अक्षर म्हणून जे उमटले तो नुसता दोऱ्याचा गुंता होता.

"पण डॉक्टर, शब्द उरायचा तर हाच का उरला?"

"जिभेला जो सगळ्यात जवळचा, तो कधी कधी उरतो. काहींची नुसती शिवी उरते."

"मग आमचं तसं बरंच म्हणायचं," यजमान म्हणाले.

खाटेवर पडल्यापडल्या बाईंच्या मनात आले, शिवी उरली असती तर निदान उपयोगी पडली असती.

यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपगृहातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभे आयुष्य त्यांनी पंपांचे आवाज ऐकण्यात घालविले होते. कोणता पंप हवा ओढतो आहे आणि कोणाचे बेअरिंग तेल मागते आहे, हे ते म्हणे आत पाऊल टाकण्यापूर्वी दारातूनच सांगत. त्यामुळे बाईंना घरी आणल्यावर त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने कामाला प्रारंभ केला.

"शब्द एकच आहे म्हणून काय झालं?" ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "पंपाला तरी कुठे शब्द असतात? सूर ऐकायचा. सुरात सगळं असतं."

"आनंदीआनंद," बाई म्हणत.

"पाणी," यजमान जाहीर करीत, आणि लगबगीने पाणी आणीत.

बाईंना चष्मा हवा असे. पण भरलेला ग्लास हातात घेऊन हा मनुष्य अशा काही समाधानाने उभा राही, की त्या मुकाट्याने पाणी पिऊन टाकीत. त्या काही दिवसांत बाई जेवढे पाणी प्यायल्या, तेवढे त्यांनी एरवी वर्षभरातही प्यायले नसेल. सर्वच सूर चुकत असे मात्र नाही. खिडकी लावण्याचा, पांघरुणाचा आणि 'आता गप्प बसा' ह्याचा सूर यजमानांना अचूक कळे. शेवटचा तर लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाठ झालेला होता.

बाईंना खरा त्रास होई तो पाहुण्यांचा. समोरच्या घरातल्या वहिनी आल्या, बाईंचा निर्जीव हात हातात घेऊन बसल्या आणि गहिवरून म्हणाल्या, "किती गोड शब्द उरलाय हो तुमच्या तोंडी! आनंदच वसलाय जिभेवर."

बाईंनी त्यांना मनातल्या मनात जे सुनावायचे ते सुनावले. बाहेर आले, "आनंदीआनंद." वहिनींनी डोळे पुसले आणि कृतार्थ होऊन त्या निघून गेल्या.

आपण इतकी वर्षे ह्या शब्दाला राबवून घेतले, आणि आता तो आपल्यावर उलटला आहे, असे बाईंना वाटू लागले. कॉलर कलली की म्हणायचा शब्द आता भुकेला, दुखण्याला, रागाला, साऱ्यांनाच चिकटून बसला होता. त्याहून अधिक त्यांना दुकानाची आठवण येई. दवाखान्याच्या कोटांचे एक मोठे काम टेबलावर तसेच राहिले होते. पाठी आणि पुढे बेतून झाले होते, बाह्या आणि खिसे राहिले होते. डोळे मिटले की ते अर्धवट काम त्यांना कोपऱ्याकोपऱ्यासह दिसे.

अशात लेक आली. ती दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानाची व्यवस्था पाहत असे. आईसारखीच व्यवस्थित, आणि आईहून हळवी. आल्या दिवशी तिने औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, गादी उन्हात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी आईच्या खाटेशी येऊन बसली.

"आई, मी सगळं ठरवलंय, पण तुला विचारून," ती म्हणाली.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या अजून त्यांच्या ताब्यात होत्या.

"तुम्ही दोघं आमच्याकडे चला. मागची खोली रिकामीच आहे. आता हे जिने, ती गल्ली, हे कोण निभावणार? आणि दुकान... दुकान आता कशाला, आई? शेजारच्या चपलांच्या दुकानाचे मालक जागा घ्यायला तयार आहेत. मशीन रेडिओमावशींना देऊ. टेबल तेवढं कोणाला नकोय. सुतार येऊन कापून नेईल म्हणाला."

कापून. त्या टेबलावर आजवर बाईंवाचून कोणी काही कापलेले नव्हते, आणि आता टेबलच कापायचे! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी छातीत होता तेवढा श्वास एकवटून सांगितले, "आनंदीआनंद!"

लेक काही अजाण नव्हती. ह्या शब्दावरून काही ठरत नाही, हे ती पुरते जाणून होती. ती म्हणाली, "शब्द राहू दे. नुसती मान हलव. चालेल ना?"

बाईंनी मान नकारार्थी हलविण्याचा निश्चय केला. आणि त्यांना स्पष्ट जाणवले, की मान वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, अगदी आज्ञाधारकपणे. चूक दुरुस्त करावी म्हणून त्यांनी पुन्हा जोर केला, तर मानेने तेच पुन्हा केले, अधिक ठामपणे.

"बघा, बाबा," लेक म्हणाली.

"ती नाही म्हणतेय," यजमान दारातून म्हणाले.

"बाबा, मान बघितलीत ना तुम्ही?"

"मान बघू नकोस, आवाज ऐक. डॉक्टरांनी सांगितलंय, मानेचा भरवसा नाही."

"आणि तुमच्या कानांचा आहे? आज सकाळपासून आवाज ऐकून ऐकून किती वेळा पाणी आणलंत? तिचा चष्मा खाटेखाली पडला होता, बाबा. ती बोट दाखवून दाखवून थकली."

लेकीचा आवाज खाली आला.

"मला काय हौस आहे का? तुम्ही दोघंच इथं, काही झालं तर मला कळणार कधी? तिला दुकान हवंय हे ती म्हणतेय, की तुम्हाला वाटतंय म्हणून तुम्ही तसं ऐकताय?"

यजमान स्टुलावर बसले आणि बाईंच्या तोंडाकडे पाहू लागले; आणि त्यांच्या नजरेत बाईंना प्रथमच संशय दिसला. खरोखरच, मला वाटते तेच मी ऐकतो आहे की काय? मानेने दगा दिला तेव्हा बाई संतापल्या होत्या. आता मात्र त्या घाबरल्या. आपल्या बाजूचा जो एकमेव साक्षीदार, त्याचाच स्वतःच्या साक्षीवर विश्वास उरला नव्हता.

ठरल्याप्रमाणे ज्या सकाळी सुतार यायचा होता, त्या सकाळी लेकीने बाईंना स्वच्छ कपडे घातले.

"आई, एकदा दुकानात जाऊन येऊ. तुला डोळ्यांनी बघावंसं वाटत असेल."

एका बाजूने लेक, दुसऱ्या बाजूने यजमान, अशी ती मिरवणूक धीरे धीरे गल्लीतून निघाली. दुकानाच्या दोन पायऱ्या बाई बऱ्याच वेळाने चढल्या. आत सुतार आधीच येऊन उभा होता. टेबलाच्या बरोबर मध्यावर त्याने पेन्सिलीची आडवी रेघ मारून ठेवली होती, आणि करवत कागदात गुंडाळून भिंतीशी टेकविली होती. चपलांचे मालक डोळ्यांनी भिंती मोजत होते.

"या, या, कटरबाई," ते अदबीने म्हणाले. "जागेची काळजी करू नका हो. अगदी घरच्यासारखी ठेवू."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या रेघेकडे पाहत होत्या.

"बाई!" मशीनमागून रेडिओ धावत आली. तिचे डोळे भरले होते, पण पट्टा चालूच होता. "किती वाळलात हो! बसा, खुर्ची घ्या. आणि बाई, रागावू नका, मी न विचारता कात्री लावली. दवाखान्यातून रोज निरोप येतोय, कोट कुठंयत, कोट कुठंयत. पाठी-पुढे तुम्ही बेतलेलेच होते, म्हटलं बाह्याच तर राहिल्यात, फर्मा आहे, कापड आहे. जाता जाता तुमचं शेवटचं काम तरी पुरं करून द्यावं. बघा, सगळ्या बाह्या कापल्या!"

तिने बाह्यांची चळत टेबलावर ठेवली. कडा स्वच्छ होत्या, कोठे दातरे नव्हते. रेडिओला कात्री येत होती, हे बाईंना मान्य करावे लागले. त्यांनी डाव्या हाताने वरची बाही उचलली, बोटे खांद्याच्या गोलाईवरून फिरविली. दुसरी उचलली. मधली एक ओढली. सर्वांत खालची ओढली.

कोटाच्या बाहीला खांद्याशी जो गोल काप असतो, तो पुढच्या अंगाला अधिक खोल असतो. म्हणून डावी बाही डाव्या खांद्यालाच बसते, उजवी उजव्याला. त्यातून हे कापड तिरक्या विणीचे, एका बाजूला सुलट आणि दुसऱ्या बाजूला उलट. असे कापड बेतताना दोन घड्या सुलट बाजू समोरासमोर आणून ठेवायच्या असतात, म्हणजे एकाच कापात डावी-उजवी जोडी निघते. रेडिओने साऱ्या घड्या सुलट बाजू वर करून, एकीवर एक, मोठ्या निगुतीने रचल्या होत्या.

"आनंदीआनंद!" बाई म्हणाल्या.

ह्या वेळी तो शब्द त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या सुरात, चपखल येऊन बसला होता. रेडिओने बाही उचलली. दुसरी तिच्याशेजारी धरली. तिचे तोंड उघडे राहिले.

"अगं बाई," ती कशीबशी म्हणाली. "सगळ्या डाव्याच!"

"म्हणजे काय?" सुताराने विचारले.

"म्हणजे हे कोट घालायला दोन्ही हात डावे असलेले डॉक्टर शोधायला हवेत!"

लेकीला हसू फुटले. आल्यापासून ती प्रथमच हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांत काही गेल्यासारखे बोट लावले.

आता दुकानाची एक रीत होती. मशीनच्या खडखडाटात, आणि त्याहूनही रेडिओच्या बोलण्यात, आपले बोलणे घालण्याचा बाईंना कंटाळा. म्हणून त्यांनी फार पूर्वीपासून खडूच्या खुणा ठरवून टाकल्या होत्या. कापडावर फुली, म्हणजे चुकले, उसवा. दोन आखूड रेघा, म्हणजे पुन्हा कापायचे. आणि गोल, म्हणजे हे ठीक आहे, असेच राहू द्या, कोणी हात लावायचा नाही. दोष सापडला की रेडिओने बाईंपुढे खडू धरायचा आणि बाईंनी खूण करायची. त्या क्षणी रेडिओने मनात काही योजिले होते असे नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप डब्याकडे गेला आणि तिने खडूची चपटी वडी बाईंपुढे धरली.

आणि बाईंनी ती डाव्या हाताने घेतली. खडू त्या नेहमी डाव्याच हाताने धरीत, कारण उजव्यात कात्री असे. पेन धरताना जो हात दुसऱ्याचा वाटला होता, तो खडूवर अलगद मिटला. काय लिहायचे ह्याचा विचारच करावा लागला नाही. त्यांनी बाह्यांची निम्मी चळत एका बाजूला सरकविली आणि वरच्या बाहीवर गोल काढला. ह्या डाव्या बाह्या राहू द्या. मग पुठ्ठ्याचा फर्मा उलटा करून उरलेल्या कापडावर ठेवला आणि त्याशेजारी दोन आखूड रेघा ओढल्या.

"उजव्या इथनं कापायच्या," रेडिओ घाईने म्हणाली. "फर्मा पालथा घालून. कळलं. पण बाई, मग खिशांना कापड कुठं उरतंय?"

बाईंनी जास्तीच्या एका डाव्या बाहीवर, तिच्या रुंद भागात, खिशाचा आकार काढला. कोपरे थोडे थरथरले होते, पण मापात होते. खाली, मनगटाच्या बाजूला, अजून एक लहान खिसा बसविला.

"खिसे ह्यातनं!" रेडिओ ओरडली. "काका, बघितलंत? ताई, बघितलंत? एक इंच वाया नाही!"

बाईंनी मान वर केली. टेबलावरची पेन्सिलीची रेघ त्यांना दिसली. त्या खुर्चीवरून उठू लागल्या, तशी लेकीने धावून त्यांचा दंड धरला. दोघी टेबलाच्या कडेकडेने मध्यापर्यंत गेल्या. बाईंनी खडू टेकविला आणि त्या रेघेवर, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, मोठी फुली मारली. मग थोडे पुढे सरकून उघड्या लाकडावर गोल काढायला घेतला. अर्ध्यावर खडू तुटला. राहिलेल्या तुकड्याने त्यांनी तो पुरा केला, दोन्ही टोके नीट जुळवून, आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिले.

"ह्याचा अर्थ काय, मावशी?" लेकीने विचारले. तिचा चेहरा सांगत होता, की अर्थ तिला समजला आहे.

"फुली म्हणजे चुकलं, उसवा," रेडिओ म्हणाली. तिने हे अगदी हळू सांगितले. "आणि गोल म्हणजे, आहे तसं राहू द्यायचं, ताई. कोणी हात लावायचा नाही."

"लाकूड काही उसवता येत नाही," सुतार म्हणाला, "पण रेघ माझीच आहे, पुसता येईल." त्याने अंगठा ओला केला आणि पेन्सिलीची रेघ घासून काढली. फुलीला त्याने धक्का लावला नाही.

"म्हणजे आमची जागा..." चपलांच्या मालकांनी चाचरत सुरुवात केली. बाई खडूचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे वळल्या. मालकांनी झटकन दोन्ही हात सदऱ्यापुढे धरले. "नको, नको! समजलं. आम्ही आपलं सहज विचारलं."

लेक टेबलाला टेकून उभी होती.

"मी तुला विचारलं, आई. खरंच विचारलं होतं मी. मला वाटलं, तू हो म्हणालीस." मग ती लहान मुलीसारखी म्हणाली, "माझा राग आला?"

बाईंनी तिचा हात ओढला, मनगटाजवळची बाही टेबलावर सपाट केली आणि तीवर एक छोटा गोल काढला.

ह्या गोलाचा अर्थ कोणी विचारला नाही, आणि रेडिओनेही तो सांगितला नाही.

यजमान दारापाशी उभे होते. "मी म्हणत होतो," ते म्हणाले. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता, हायसे वाटल्याचा होता. "मी म्हणतच होतो ना, ती नाही म्हणतेय?"

"म्हणत होतात, बाबा," लेक म्हणाली. "पण चष्म्याचं तुम्हाला कळायला हवं होतं."

लेक आणखी काही दिवस राहिली आणि व्यवस्था लावूनच परतली. पायऱ्यांना तिने कठडा बसवून घेतला. सकाळी यजमानांनी बाईंना दुकानात न्यायचे आणि दुपारच्या आत घरी आणायचे, हे तिने वडिलांकडून दोनदा वदवून घेतले. कात्री रेडिओच्या हाती गेली. पहिल्या काही कापांच्या वेळी बाईंना ते बघवेना. त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. मग त्यांनी आपला डावा तळवा रेडिओच्या मनगटावर ठेवला, आणि जेथे ते घाई करू लागे तेथे नुसता दाबला. घरी यजमानांनी खाटेशी एक पाटी टांगली आणि खडू बांधून ठेवला. पाण्यासाठी एक खूण, चष्म्यासाठी दुसरी, अशा नव्या खुणा त्यांनी आपल्या पद्धतशीर स्वभावाप्रमाणे ठरविल्या. त्यांतल्या निम्म्या बाईंना आठवत नसत, आणि उरलेल्या निम्म्या यजमानांना. तरीही पाणी बरेच कमी झाले.

कोटांचे काम पुरे होत आले त्या सकाळी रेडिओने पहिला तयार कोट इस्त्री करून आणला. अंगावर चढविल्यावाचून कोट पाहायचा नाही, हा बाईंचा नियम; म्हणून यजमानांना उभे करण्यात आले. त्यांनी कोट घातला, हात पसरले आणि पंपगृहाच्या पाहणीला मोठे अधिकारी येत तसा चेहरा केला.

"वा, डॉक्टर!" रेडिओ म्हणाली. "जरा आमची जीभ तपासा, थांबतच नाही."

"त्यावर औषध निघालेलं नाही," यजमान म्हणाले.

बाईंनी त्यांच्या खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरविले, डावीकडे, मग उजवीकडे. उजवी बाही उजव्या खांद्यावर अशी बसली होती, की जोड हाताला लागत नव्हता. ती रेडिओने कापली होती. रेघ मात्र बाईंची होती. खिसेही जागच्या जागी. बाईंना 'बरं झालं' म्हणावेसे वाटले, आणि आपल्या तोंडून काय येणार हे पक्के ठाऊक असूनही त्यांनी तोंड उघडले.

"आनंदीआनंद," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला, आणि ह्या वेळी तो त्यांना परका वाटला नाही. 'बरं झालं'पेक्षा जरा मोठाच शब्द, पण ह्या बाहीच्या मानाने काही सैल होत नव्हता.

यजमान सवयीने पाण्याच्या तांब्याकडे वळले. हात पुढे केला, आणि थबकले. मान किंचित कलती करून, दारातून पंप ऐकावा तसे, ते ऐकत राहिले.

"हे पाण्याचं नव्हे," ते म्हणाले.

"मग कशाचं?" रेडिओने विचारले.

"कशाचं म्हणजे? ती म्हणाली तेच."

आणि एवढा अचूक निर्वाळा दिल्यानंतर आपल्याला थोडे बसण्याचा अधिकार आहे असे वाटून, ते नव्या, कडक इस्त्रीच्या कोटासकट स्टुलावर बसले. पाठीला लांबलचक चुणी पडली.

"आनंदीआनंद!" बाई कडाडल्या.

यजमान ताडकन उठून उभे राहिले. हा सूर त्यांना मुळीच समजावून द्यावा लागला नाही.